रेड्याच्या चाकावरचा शेंदूर

कोरगावातल्या त्या घरात ट्रॅक्टरला कुणी ट्रॅक्टर म्हणत नसे. तो रेडा. काळा, बुटका, पुढे नाकाड काढलेला, आणि एकदा सुरू झाला की नदीपलीकडच्या माणसाने मान वर करावी असा डुब-डुब-डुब आवाज करणारा. गोवा मुक्त झाल्यावर दोनतीन वर्षांनी एका भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, आपली शेती आवरती घेतली, तेव्हा सुलोचनाच्या सासऱ्यांनी तो विकत घेतला. जर्मन बनावटीचा, एकाच सिलिंडरचा. सुलोचना लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा उंबरठ्यावरचं माप ओलांडल्यावर तिला आधी देव्हारा दाखवला आणि मग शेतीची अवजारं ठेवायच्या मांगरातला रेडा.

तिचा नवरा कृष्णनाथ बार्ज बांधण्याच्या यार्डात कामाला होता. त्याची पाळी असली की शेतात रेडा सुलोचनाच हाकायची. नऊवारीचा काष्टा घट्ट करून ती चढली की बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावत, आणि ती मुद्दाम त्यांच्या बाजूने धुराचा लोट सोडत वळायची.

आता कृष्णनाथ नव्हता आणि रेडाही कित्येक वर्षं मांगरात गप्प उभा होता. धाकटा दीर गोकुळदास याने नवी पिकअप घेतली होती आणि त्याला मांगर हवा होता. कळंगुटच्या एका हॉटेलवाल्याशी त्याचं बोलणं झालं होतं. हॉटेलवाला रेड्याला बागेत ठेवणार होता. नाकावर फुलझाडांच्या कुंड्या, चाकांना रंगीत दिवे.

"जित्या जनावराच्या पाठीवर कुंड्यो?" सुलोचना म्हणाली होती.

"जितां खंय आसा, वैनी? कितलीं वर्सां जालीं तो श्वास घेना."

"घेतलो." घेईल, असं तिचं म्हणणं.

गोकुळदास हसला होता आणि चार माणसांसमोर बोलून गेला होता, "दसऱ्याआदीं तो आपल्या पांयांनी ह्या मांगराभायर सरलो, तर परत मी तोंड उगडचो ना. ना जाल्यार ट्रक येतलो."

बोललेला शब्द फिरवणाऱ्यांतला तो नव्हता, आणि तिलाही ते माहीत होतं.

रेड्याचं दुखणं काय ते शंभूने आधीच शोधून काढलं होतं. शंभू मूळचा बांद्याकडचा, मुळगावच्या खाणीच्या वर्कशॉपात डंपर दुरुस्त करायचा. अशा एका सिलिंडरच्या इंजिनाला बाजूला एक भलंमोठं जड चाक असतं, फ्लायव्हील म्हणतात ते. इंजिन एकदा ढुशी मारतं आणि पुढच्या ढुशीपर्यंत दम घेतं. उलट्या ठेवलेल्या सायकलचं चाक एकदा हाताने फिरवलं की हात काढल्यावरही फिरत राहतं ना, तसं हे जड चाक मधल्या वेळात इंजिनाला फिरतं ठेवतं. ह्या चाकामागे, जिथे दांडा इंजिनाच्या पोटात शिरतो तिथे, एक सील असतं. ते फाटलं होतं. पिचकारीच्या दट्ट्याचं कातडं फाटलं की पाणी पुढे उडायचं सोडून मागच्या मागे ओघळतं, तशी रेड्याच्या पोटातली हवा मागे निसटत होती. दम धरता येत नव्हता, म्हणून तो सुरू होत नव्हता. नवीन सील शंभूने मापाने बनवून आणलं. ते बसवायचं तर आधी चाक काढायला हवं. एवढंच काम होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच शंभू मोटरसायकलवर पुलर बांधून हजर झाला. सुलोचनाची मुलगी देवकी पणजीला सरकारी कचेरीत होती. तीही पहिल्या बसने आली, वाटेत पदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव घेऊन. मांगरातल्या मेजावर चहा झाला आणि शंभूने बाह्या दुमडल्या.

"शंभू, सगळा साफ कर," सुलोचना म्हणाली. "पण मदल्या शेंदराक हात लावू नको. तो देवाचो आसा."

"नाय लावणंय, काकी."

चाकाच्या मधोमध, जिथे दांडा त्याच्यातून बाहेर येतो, त्या जाड गोल भागावर शेंदराचा लपका होता. दर दसऱ्याला सुलोचना तिथे शेंदूर माखायची. ही रीत कृष्णनाथने घातली. यार्डात बार्जच्या तळाला गंज चढू नये म्हणून जो लाल रंग लावतात तो शेंदूरच. तेलात खलायचा आणि फासायचा. "देवाचो मान आणि लोखंडाचा औषद, दोन्ही एका बोटात," असं तो म्हणायचा. म्हणून सुलोचना गोडं तेल न घेता रंगाच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, घ्यायची. ते वाळलं की दगडासारखं होतं. रेडा बंद पडला म्हणून तिने कधी दसरा चुकवला नव्हता. लपका इतका जाड झाला होता की लांबून ते चाक सिंदूरचर्चित मारुतीसारखं दिसे.

शंभूने बाकीचं सगळं रॉकेलने धुऊन काढलं. मग दांड्याच्या टोकावरचा मोठा नट सैल केला, पण पुरता काढला नाही. चारपाच आटे तसाच ठेवला.

"तो कशाला ठेवलास?" देवकीने विचारलं.

"दांड्याचा टोक गाजरासारख्या निमुळता, आणि चाकाचा भोक पण तसाच. बाटलीत बूच बसता तसा चाक बसलाला. सुटला की एकदम उडी मारता. नट नसलो तर सरळ माझ्या पायावर. मगे माझी घरकारीण मुळगावातून येऊन तुमका जाब विचारतली."

पुलर म्हणजे एक जाड लोखंडी पट्टी. तिचे दोन लांब बोल्ट चाकात अडकवायचे, आणि मधला स्क्रू दांड्याच्या टोकावर टेकवून आवळत जायचं. दांडा जागेवर राहतो आणि चाक बाहेर ओढलं जातं. शंभूने आवळला. पान्याला पाइप लावून आणखी आवळला. ताणलेली पट्टी तंबोऱ्याच्या तारेसारखी कडक झाली. मग त्याने घण उचलला आणि स्क्रूच्या डोक्यावर एक नेमका ठोका दिला. अशा ठोक्याने पकड सुटते.

पकड सुटली नाही.

पुन्हा आवळलं, पुन्हा ठोका. छपरावरची कौलं खुळखुळली, मांजर खिडकीतून पळालं, चाक होतं तिथेच.

"सासुरवाडीत इलेलो जावय बसता, तसा बसलाहा," शंभू कपाळ पुसत म्हणाला. "उठूचा नावच नाय."

एवढ्यात गोकुळदास पिकअपचं फडकं खांद्यावर टाकून दारात उभा राहिला. "शंभू, घाम पूस मरे. पूजेक शेंदूर आणि गाळपाक घाम, रेड्याक आनी कितें जाय? सांजे ट्रक येतलो, तेच्या साखळीन ओडून काडूया चाक."

"साखळीने ओढला तर फुटतला. बीड आसा ह्या. कपबशीसारख्या तुटतला."

"हॉटेलाक तुटलेला चलता. तेजेर कुंडी दवरतले."

सुलोचनाने हातातला कप मेजावर ठेवला आणि रॉकेलची बाटली शंभूकडे सरकवली.

दुपार चढत गेली. शंभूने कडेने रॉकेल सोडलं, थांबला, पुन्हा आवळलं. ब्लोलॅम्प पेटवून मधला भाग तापवावा, म्हणजे लोखंड फुगेल आणि पकड ढिली होईल, असं त्याच्या मनात आलं. पण शेंदूर जळतो आणि त्याचा धूर विषारी, आणि काकीचा शब्दही होता. शेवटी तो उकिडवा बसला आणि हात गुडघ्यांवर सोडले.

"काकी, माका वाटता चाक कापूक लागतला. गॅस कटर आणतंय. दांडो वाचतलो."

"आणि चाक?"

"चाक गेला. असा दुसरा आता खय गावणा नाय."

म्हणजे रेडा गेलाच. हे त्याला बोलावं लागलं नाही.

सुलोचना खाली बसली, चाकासमोर, दसऱ्याला बसायची तशीच. काय करावं ते न सुचून तिने उजव्या हाताचं मधलं बोट शेंदराच्या लपक्यावर ठेवलं. पहिलं बोट नेहमी तिथेच टेकायचं, उजव्या बाजूला थोडं वर. तिथून मग गोल फिरवत माखायचं. तीस-पस्तीस वर्षांची सवय. डोळे मिटले तरी बोट बरोबर तिथे जायचं.

आणि तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. तिने बोट उचललं. पुन्हा ठेवलं.

"देवकी, इकडे ये. हात लाव हिथे. काय लागतं?"

"काही नाही. सपाट आहे."

"सपाट नव्हतं." सुलोचनाचा आवाज बदलला. "नवी होते तेव्हा पहिल्या दसऱ्याला तुझ्या बाबांनी माझं बोट धरून हिथे टेकवलं होतं. बोट आत जायचं. नखाएवढं. बेंबीसारखा खळगा होता. म्हणाले, पहिला शेंदूर बेंबीत. मी दर वर्षी तो खळगा भरत गेले आणि... शंभू, चाकाक बेंबी कित्याक असता?"

शंभू ताडकन उभा राहिला. मग पुन्हा खाली बसला आणि कान लावावा तसा चाकाजवळ वाकला.

"काकी, ता भोक आसतला. आणि भोकात स्क्रू. बाहेरसून आत जाऊन दांड्याक चावलेलो. चाक हलू नये म्हणून. तो सैल केल्याशिवाय ह्या चाक ब्रह्मदेवाच्या बापाशीक पण निघाचा नाय."

सकाळपासून ज्या जागेला हात लावायचा नाही असं बजावलं होतं, गोम नेमकी तिथेच होती.

"खरवडूक होया," शंभू हळू आवाजात म्हणाला.

गोकुळदासही आत आला होता. त्याने देवाच्या गोष्टीत थट्टा केली नाही. "वैनी, आदीं विचार कर. शेंदूर काडप म्हणजे..."

"मारुती आपणहून कवच सोडतो की नाही?" सुलोचना म्हणाली. "शेंदूर फार झाला की देव अंग हलकं करतो. ते कवच आपण नदीत सोडतो. ह्याला हात नाहीत, म्हणून मी सोडवते."

तिने हात जोडले, चाकाखाली केळीचं पान पसरलं आणि स्वयंपाकघरातली जुनी लोखंडी कुलेर घेऊन आली. तिचा चमच्यासारखा वाटोळा भाग झिजून धारेचा झाला होता.

"आई, तोंडाला फडकं बांध आधी. शिसं असतं त्यात," देवकीने आपली ओढणी काढून दिली. "आणि पाणी मारत खरवड, धूळ उडायला नको."

पहिला पापुद्रा निघाला आणि सुलोचना बघतच राहिली. कडेला थरावर थर दिसत होते, झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखे. एक जरा पिवळट, तो बहुतेक दुकानदाराने भेसळ केलेल्या वर्षाचा. एक जाडजूड, देवकीने लहानपणी हट्टाने आपल्या हाताने फासलेला. आणि मध्ये एक बारीक काळी रेघ. ती नुसत्या धुळीची होती. कृष्णनाथ गेला त्या वर्षी सुतकात शेंदूर लागला नव्हता. सुलोचनाने त्या रेघेवरून एकदा नख फिरवलं आणि पुन्हा खरवडायला लागली.

आता घाई सगळ्यांनाच झाली होती. देवकी पाणी मारत होती, शंभू बॅटरीचा उजेड पाडत होता, आणि गोकुळदास मागून "आनी वयर, वैनी, आनी मातशें वयर" असं सांगत होता. आपण कुठल्या बाजूचे ते तो बहुधा विसरला होता. कुलेरीचं टोक एकदम आत रुतलं. लालभडक बूच निघावं तसा शेंदराचा गोळा पानावर पडला. आत काळ्या तेलकट लोखंडाचं डोकं होतं आणि त्याच्यावर पेचकसाची खाच, काल बनवल्यासारखी स्वच्छ. शेंदराने त्याला इतकी वर्षं गंज चढू दिला नव्हता.

"औषद लागू पडला," शंभू म्हणाला.

स्क्रू पहिल्याच जोराला करकरला आणि फिरला. शंभूने तो काढून सुलोचनाच्या तळहातावर ठेवला. मग पुलर पुन्हा ताणला, घण उचलला, सगळ्यांना मागे सारलं.

ठण्ण.

देवळातली घंटा वाजावी असा आवाज झाला, आणि सकाळपासून केसभर न हललेल्या चाकाने बेडकासारखी उडी मारून नटावर टाळी दिली. मग देवकी हसायला लागली आणि तिला थांबताच येईना.

चाक उचलायला तिघं पुरेनात. गोकुळदासने फडकं फेकलं. "सर वैनी बाजूक, पांय चिड्डतले तुजे." त्याने फळी लावली, खांदा दिला, आणि चाक हळूहळू भिंतीला टेकलं. फाटलेलं सील निघालं, नवं बसलं. चाक परत चढलं, नट आवळला, स्क्रू आपल्या बेंबीत गेला. पिंपातलं डिझेल टाकीत पडेपर्यंत उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली होती, आणि फाटकाशी हॉर्न वाजला. हॉटेलचा ट्रक आला होता.

"इलो," गोकुळदास म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

"थांबय तेका," शंभूने ब्लोलॅम्प पेटवला.

ह्या जातीचं इंजिन किल्लीने सुरू होत नाही. आधी त्याच्या नाकाडावरचा गोळा ज्योतीने लाल होईपर्यंत तापवायचा. मग स्टीअरिंग दांड्यासकट उपसून चाकाच्या मध्यात बसवायचं आणि चाक पुढे-मागे, पुढे-मागे झुलवायचं, झोपाळा झुलवतात तसं. एका झोक्याला आत स्फोट होतो आणि रेडा उठतो. पण तो कुठल्या बाजूला फिरत उठेल ह्याचा नेम नसतो. सुलोचनाच्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात कृष्णनाथने असाच तो सुरू केला, ऐटीत पहिला गिअर टाकला, आणि रेडा उलटा जाऊन शेणखताच्या खड्ड्यात बसला. वाडीभर हसं झालं. त्या रात्री जेवताना त्याने नव्या बायकोला सांगितलं होतं, "आदी चाकाकडे बघायचा, मगच गिअर."

सुलोचनाने कुंकवाची करंडी आणली. चाकाच्या कडेवर, बेंबीपासून लांब, एक मोठा ठिपका लावला आणि ती सीटवर चढून बसली. नऊवारी आता नव्हती, पण गोल पातळाचा पदर तिने पूर्वीसारखाच खोचला.

शंभू आणि गोकुळदास दोघं मिळून चाक झुलवू लागले. ठिपका वर-खाली, वर-खाली. ट्रकचा ड्रायव्हर साखळी खांद्यावर घेऊन मांगराच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. एक झोका. दुसरा. आत काहीतरी खोकलं. पुढच्या झोक्याला धुराड्यातून काळा गोळा उडाला, छपरातली चिमण्यांची घरटी खाली आली, आणि—

डुब. डुब. डुब-डुब-डुब.

मांगर थरथरायला लागला. केळीच्या पानावरचे शेंदराचे तुकडे नाचू लागले. शंभूने स्टीअरिंग उपसून तिच्या हातात दिलं. तिने ते जागेवर बसवलं आणि मान वळवून ठिपक्याकडे पाहिलं. ठिपका पुढून वर येत होता, मागे खाली जात होता. रेडा उलटा फिरत होता.

शंभूच्याही ते लक्षात आलं. तो हातवारे करून ओरडू लागला, बंद करा, परत सुरू करू. सुलोचनाने नाही म्हणून मान हलवली. गोळा निवला, पुन्हा पेट घेतला नाही, तर पुढचा झोका कुणी द्यायचा? साखळी दारात उभी होती. तिने क्लच दाबला आणि गिअरचा दांडा रिव्हर्सला ओढला.

ते गोकुळदासने पाहिलं. "वैनी," तो पिसाळल्यासारखा धावला, "रिव्हर्स न्हय, रिव्हर्स न्हय, फाटीं वणत आसा." मागे खरोखरच चिऱ्यांची भिंत होती, हातभर अंतरावर. त्याने भिंत आणि रेडा यांच्यामध्ये उभं राहून दोन्ही हात पसरले, जणू बैल अडवायचा होता.

सुलोचनाने क्लच सोडला.

उलट्या फिरणाऱ्या इंजिनाला उलटा गिअर लागला की काय होतं? दोन उलटे मिळून एक सुलटं होतं. रेडा एकदा डुरकला आणि सरळ पुढे निघाला. ट्रकच्या ड्रायव्हरने साखळी टाकून तुळशीकडे उडी मारली. काळं नाकाड उजेडात आलं, मग चाकं, मग पाठीवर ताठ बसलेली सुलोचना. तिने अंगणाला एक पुरी फेरी मारली आणि वळताना धुराचा लोट बरोबर त्या ट्रकच्या बाजूने सोडला.

गोकुळदास अजून भिंतीपुढे हात पसरून उभा होता. रिकाम्या मांगरातून तो हळूहळू बाहेर आला.

"रिव्हर्स घालून फुडें कसो गेलो तो?"

"तुझ्या भावाने शिकवलंय," सुलोचना वरूनच म्हणाली. "भायर सरलो ना?"

"सरलो."

"आपल्या पांयांनी?"

गोकुळदासने उत्तर दिलं नाही. तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं, आणि तो शब्दाचा पक्का होता. त्याने ड्रायव्हरची साखळी उचलून त्याच्या हातात दिली, फाटकापर्यंत त्याला पोचवून आला, आणि मग पिकअप मागे घेऊन आंब्याखाली लावली. मांगराचा रस्ता मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी पूजेला बसताना सुलोचनाच्या वाटीत शेंदूर होता, पण बेलतेल नव्हतं. घरच्या नारळाचं, दगडासारखं न वाळणारं तेल होतं. तिने मधलं बोट बुडवलं. सवयीने ते उजवीकडे थोडं वर गेलं, खळग्याच्या तोंडाशी थांबलं, आणि तिथून अंगठाभर बाजूला सरकून टेकलं.